फोनवर नको, पत्रातच सांगते

ठाणे

ती. आई-बाबांना,
सा. न.

मला कमी ऐकू येतं, हे मी ऑफिसात सांगून टाकलं असं कळल्यापासून आई नीट जेवत नाही, असं वहिनी म्हणाली. आई, तू फोन केलास तेव्हा मला 'कशाला' आणि 'लग्न' एवढंच कळलं, बाकीचं अंदाजाने ओळखलं. म्हणून हे पत्र. यात तुला मध्येच बोलता येणार नाही आणि मलाही 'काय? काय?' करत बसावं लागणार नाही.

हो, सांगितलं. केस मोकळे सोडून कानाचं मशीन झाकायचं हे तूच शिकवलंस आणि कॉलेजात ते खपूनही गेलं. नोकरीत खपत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला लोक बहिरा समजत नाहीत गं, आगाऊ समजतात. मागून हाक मारली आणि वळली नाही, म्हणजे शिष्ट. मीटिंगमध्ये सगळे हसले आणि ही हसली नाही, म्हणजे तोऱ्यात आहे. विचारलं एक आणि उत्तर दिलं भलतंच, म्हणजे कामात लक्ष नाही. त्यापेक्षा बहिरी म्हटलेलं बरं, निदान खरं तरी आहे.

माझ्याकडे आवाज येतो, शब्द येत नाही. अ, आ, ओ पोचतात. स, श, त, थ, फ वाटेतच गळतात. सात आणि साठ मला सारखेच ऐकू येतात, आणि मी बसते खरेदी विभागात! पत्र्याचा भाव फोनवर ठरवायचा म्हणजे जिवाला घोर. आता मी सरळ सांगते, भाव, नग आणि तारीख व्हॉट्सॲपवर नाहीतर मेलवर पाठवा, मला फोनवर नीट ऐकू येत नाही. सुरुवातीला एक-दोघे सप्लायर कुरकुरले. पण 'मी असं बोललोच नव्हतो' ही रोजची भांडणं थांबली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या चांगल्या कानांच्या मंडळींनीही तेच सुरू केलं.

मीटिंगमध्ये माझी जागा ठरलेली आहे. खिडकीकडे पाठ करून बसते, म्हणजे उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडतो आणि ओठ दिसतात. आमच्या साहेबांच्या मिशा ओठांवर उतरल्यात. मिशा कापा असं काही त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते मुद्दे फळ्यावर लिहितात. मोबाईलवर बोललेलं उतरवणारं ॲप लावते, ते मराठीही उतरवतं. डेबिट नोटची देवी नोट करतं, पण मला वरच्या-खालच्या वाक्यावरून कळतं. एका वेळी एकानेच बोलायचं, एवढं एक अजून जमत नाही कुणाला. त्याला माझे कान काय करणार?

प्रवासाची काळजी करू नका. ठाण्याहून माझ्या ऑफिसचं रबाळे तिसरंच स्टेशन आहे. गाडीचा फलाट बदलला की घोषणा होते, ती मला ऐकू येत नाही. पण लोकांची पावलं अचानक एका दिशेला वळतात, मीही वळते. पावसाळा मात्र छळतो. मशीनमध्ये ओल शिरली की ते खरखरतं, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवते. सेल ३१२ नंबरचे, तपकिरी पट्टीचे. पट्टी काढली की हवा लागून सेल चालू होतो, मग वापरा न वापरा, तो उतरत राहतो. माझा साधारण आठवडाभरात संपतो. तो नेमका मीटिंगमध्ये टुंग टुंग करत संपतो. पूर्वी तो बदलायला बाथरूममध्ये जायचे. आता टेबलावरच बदलते.

सगळं गोडच आहे असं नाही. इथे लागायच्या आधी एका ठिकाणी मुलाखत छान चालली होती. मशीन दिसलं, आणि 'आमच्याकडे फोनचं काम फार असतं' म्हणून पाच मिनिटांत चहा संपला. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. समान संधीचं धोरण लिहून ठेवणं खाजगी कंपन्यांनाही बंधनकारक आहे त्यात. धोरण फायलीत असतं, माणसं खुर्चीत असतात. तरी कागद हातात असावा, म्हणून मी दिव्यांग प्रमाणपत्र काढलं. दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबलची घट म्हणजे 'कमी ऐकू येणे', त्याच्या पुढे 'बहिरेपण' अशी कायद्याची वाटणी आहे. मी पहिल्या रकान्यात आहे. आई, त्या प्रमाणपत्रामुळे लग्न मोडणारा कुणी असेल तर त्याच्याशी न झालेलंच बरं. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत त्या प्रमाणपत्रावर ७५,००० रुपयांची वजावट मिळते, हे मात्र येणाऱ्या स्थळांना जरूर सांग.

संध्याकाळी मी दमलेली असते, ते कामाने नाही. दिवसभर तोंडं वाचायची आणि गाळलेल्या जागा भरायच्या, याने डोकं शिणतं. घरी आले की मशीन काढून तासभर गप्प बसते. तेव्हा फोन उचलला नाही तर रागावू नका. नऊनंतर व्हिडिओ कॉल करा. आई, फोन कानाला लावू नकोस, मला तुझा कान दिसतो नुसता. आणि ओरडूही नकोस, ओरडलं की तोंड वाकडं होतं आणि काहीच कळत नाही.

आता बाबा, तुमच्याकडे वळते. टीव्हीचा आवाज शेजारच्या गल्लीत जातो, हे वहिनीने नाही सांगितलं, मी दिवाळीत पाहिलंय. दादा बोलतो आणि तुम्ही आईकडे बघता. इचलकरंजीत यंत्रमागावर उभा जन्म गेला तुमचा. मागाची शेड ९५-१०० डेसिबलला सहज जाते. नियमाने ९० ला आठ तास आणि १०० ला दोनच तास थांबायचं असतं. तुम्ही रातपाळी धरून बारा-बारा तास काढलेत. त्या आवाजाने कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात, आधी किनऱ्या आवाजाच्या. त्या परत उगवत नाहीत. आमच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवरची पोरं कानात घालायचे प्लग ताईतासारखे गळ्यात बांधून फिरतात. मी रोज त्यांच्यावर ओरडते. मी सांगितलं की निदान लाजून तरी घालतात.

तुमच्या शेडमध्ये कुणालाच काही ऐकू यायचं नाही. सूत तुटलं, कांडी संपली, जॉबर मिस्त्रीला बोलाव, चहा आला, सगळं हाताने चालायचं. मी डबा घेऊन यायचे तेव्हा दारात उभी राहून बघायचे. ओठ हलवायचात, बोटं नाचवायचात आणि पार त्या टोकाचा माणूस हसायचा. तिथे कुणाला लाज वाटली नाही. मग घरातच का वाटते?

कानांची तपासणी कोल्हापुरातही होते, पण तिथे तुम्ही एकटे जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, सरकारी, १९८३ पासूनची, फक्त कानाची आणि बोलण्याची. तिथे घेऊन जाते. बंद खोलीत हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच असतं. दुखत नाही. मशीन घ्यायचं की नाही ते नंतर ठरवू, आणि घेतलंत तरी पहिले काही दिवस भांड्यांचा आणि पंख्याचा आवाज डोक्यात जाईल, हे आधीच सांगून ठेवते.

महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट मी काढते. कल्याणला उतरा, मी फलाटावर असेन. गर्दीत हाका मारत बसू नका, मला ऐकू येणार नाही. शेडमध्ये करायचात तसा हात करा.

तुमची,
धाकटी