माळ विकत घेऊन जंगल लावण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पडीक माळरान घ्या, स्वतःचे जंगल उभारा’ अशा आशयाच्या जाहिराती आणि त्याच विषयावरील कौतुकाची वृत्ते गेली काही वर्षे वर्तमानपत्रांत नियमाने दिसतात. पुण्या-मुंबईच्या चार-पाच नोकरदारांनी मिळून दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा या पट्ट्यात काही एकर गवताळ जमीन घ्यायची, तिला तारेचे कुंपण घालायचे आणि आत जमतील तितकी रोपे लावायची, असा हा बेत असतो. त्यामागचा हेतू चांगला असतो यात मला शंका नाही, कारण २०१८ साली आम्ही तीन भावंडांनी इंदापूरच्या बाजूला साडेचार एकर माळ घेऊन नेमके हेच केले होते. आज त्याच जमिनीच्या बांधावर उभे राहून मला वाटते की आमचे चुकले. चूक झाडे लावण्यात नव्हती. ती आम्ही जागा निवडली तेथे होती, आणि ती आमच्या एकट्यांची नाही म्हणून हे पत्र.

जमीन पाहायला गेलो तेव्हा दलालाने सांगितले, “इथे काहीच उगवत नाही, म्हणून तर स्वस्त आहे.” सातबारा पाहिला तर पीक पाहणीच्या रकान्यात ‘गवत पड’ असे लिहिलेले होते आणि काही क्षेत्र पोटखराब्यात दाखवले होते. महसुली कागदाला जमिनीकडून धान्य किंवा आकार (म्हणजे शेतसारा) हवा असतो. जे धान्य देत नाही ते त्याच्या लेखी पड किंवा खराबा. ही दृष्टी तलाठ्याच्या दप्तरापुरतीच असती तर ठीक होते. पण केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने वेळोवेळी काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळांची नोंद ‘पडीक’ म्हणूनच होते, आणि आपल्या बोलण्यातही ‘ओसाड माळ’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की माळ ओसाड नसू शकतो हे आपल्याला सुचतच नाही. आम्हालाही सुचले नाही. ज्या रकान्यात ‘गवत’ हा शब्द स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता, त्यातला ‘पड’ तेवढा आम्ही वाचला.

या भागात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही भरवशाचा नाही. माती वीतभर, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. अशा ठिकाणी कुसळी, पवना, मारवेल यांसारखी गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, तरवड यांची विरळ झाडेझुडपे हीच मुळात येथली वनस्पती असते. जूनमध्ये दोन पाऊस झाले की आठवड्याभरात माळ हिरवा होतो, भाद्रपदात गुडघाभर गवत वाऱ्यावर लवते आणि दिवाळीनंतर ते सोनेरी होऊन वाळते. उन्हाळ्यात जे ओसाड दिसते, ते खाली मुळांत जिवंत असते. गवताने हवेतून घेतलेला कार्बनही बराचसा जमिनीखाली राहतो, त्यामुळे वरचे गवत वणव्यात जळाले तरी तो ठेवा बव्हंशी शाबूत राहतो. लांडगा, खोकड, चिंकारा यांचे हे घर आहे. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना लांबवर नजर पोचेल असे मोकळे रान लागते; शेजारी झाडांची रांग उभी राहिली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीची जागा मिळते. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी रात्री झाडावर बसत नाहीत, उंच गवतात जमिनीवर उतरतात. हे सारे मला जमीन घेतल्यावर तीन-चार वर्षांनी कळले, आणि तेही पुस्तकातून कमी व शेजारच्या मेंढपाळांकडून अधिक.

आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. जेसीबी आणून दीड-दोन हजार खड्डे घेतले, म्हणजे शेकडो वर्षांत घट्ट विणलेली गवताची मुळे एका आठवड्यात फोडली. बाहेरून काळी माती आणून खड्डे भरले, वड, पिंपळ, करंज, कांचन, जांभूळ अशी रोपवाटिकेत मिळतील ती रोपे लावली आणि ठिबक टाकले. पहिला उन्हाळा टँकरवर काढला, दुसराही काढला. तिसऱ्या उन्हाळ्याअखेर चौथा हिस्साही रोपे उरली नव्हती आणि उरलेल्यांत कोपऱ्यात हिरवळीच्या खतासाठी म्हणून लावलेली गिरिपुष्पेच अधिक होती. ज्या खड्ड्यांतली रोपे मेली, तेथे उकरलेल्या मातीत गाजर गवत आणि वेडी बाभूळ आली. मूळचे गवत तेथे अजून परतलेले नाही. मधल्या काळात जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी, चौरस मीटरला तीन-चार रोपे लावण्याची दाट पद्धत करून पाहावी असा आग्रह एका स्नेह्यांनी धरला होता. मूळ पद्धतीचे पहिले सूत्र त्या जागेवर निसर्गतः कोणती वनस्पती असते ते ओळखणे हेच आहे, याची आठवण तिच्या प्रचारकांना क्वचितच असते. ते ओळखले असते तर आमच्या माळावर दाट जंगल लावण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. सुदैवाने तोवर आमच्याजवळचे पैसे संपले होते.

कुंपणाविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. मेंढरांचे वाडे, म्हणजे मेंढपाळ कुटुंबे आणि त्यांचे कळप, दिवाळीनंतर कोकणात किंवा बागायती भागात उतरतात आणि पावसाळ्यात आपापल्या माळावर परत येतात, हे चक्र आपल्या राज्यात किती जुने आहे हे सांगायला नको. शेतात मेंढ्या बसवण्याचे खत आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसा, हा व्यवहार गावोगाव चालत आला आहे. आमची जमीन पूर्वीच्या मालकाच्या नावे असली तरी पावसाळ्यात तिच्यावर मेंढरे चरत आणि पलीकडच्या ओढ्यावर पाण्याला जात. आम्ही काटेरी तार ओढली तेव्हा हा रस्ता बंद झाला, पण तो कागदावर नसल्यामुळे आम्हाला दिसलाच नाही. पहिल्याच पावसाळ्यात एक वयस्कर धनगर तारेपाशी उभे राहून म्हणाले, “दादा, जितं गवात हाय तितं झाडं कशापाय? वड्याच्या कडंला लावा की, तितं जगतील.” एवढा नेमका सल्ला मला पुढे कोणी दिला नाही. त्या वेळी मात्र मी त्यांना पर्यावरण समजावून सांगितले होते, याची आज लाज वाटते.

यावर एक आक्षेप हमखास येतो की येथे पूर्वी जंगलच होते, माणसाने तोडले, गुरांनी खाल्ले, म्हणून माळ झाला. तेव्हा झाडे लावणे ही परतफेडच आहे. घाटमाथ्याच्या उतारांवर ही गोष्ट अनेक ठिकाणी खरी आहे, पर्जन्यछायेच्या प्रदेशात ती सरसकट खरी नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुने मराठी साहित्य, ओव्या आणि लोककथा तपासून त्यांत येणाऱ्या वनस्पती विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाच्याच असल्याचे दाखवले, आणि हा पुरावा अनेक शतके मागे जातो. पंढरपूरच्या मंदिरात कान्होपात्रेचे म्हणून दाखवले जाणारे झाड कोरड्या माळावरच्या काटेरी तरटीचे आहे, वडाचे किंवा सागाचे नाही. गावांची नावेही बोलतात. इंदापूर तालुक्यात पळसदेव आणि बाभुळगाव आहेत, पलीकडे माळशिरस आहे, बारामतीजवळ माळेगाव आहे. पळस आणि बाभूळ ही उजेड मागणारी झाडे आहेत, दाट सावलीच्या रानाची नव्हेत. पेशवाईत घोड्यांसाठी कुरणे राखली जात, तीही गवताची किंमत ठाऊक असल्यामुळेच.

शासनानेही हीच गफलत मोठ्या प्रमाणावर केली आहे, असे मला वाटते. २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याच्या मोहिमेपासून सुरुवात झाली, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटींचे उद्दिष्ट ठरले. एवढी रोपे लावायला जागा कोठे शोधणार? जेथे झाडे नाहीत तेथे, म्हणजे बऱ्याचदा माळावर. सोलापूर-नगर भागातील माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. या सगळ्या वर्षांत ज्याच्या नावाने अभयारण्य होते तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याची कारणे अनेक आहेत, शेती, विजेच्या तारा, शिकार ही त्यांतली मोठी, परंतु माळाला ‘सुधारण्याची’ आपली हौसही त्यांत धरावी लागेल.

मग ज्यांच्याजवळ थोडे पैसे आहेत आणि मनापासून जंगल हवे आहे, त्यांनी काय करावे? माझे मत असे आहे की जेथे जंगल होते तेथे जमीन घ्यावी. भोर, वेल्हे, मुळशी किंवा कोकणातील डोंगरउतारांवर नाचणी-वरईची शेती थांबून पडून राहिलेल्या जमिनी मिळतात. तेथे तोडलेल्या झाडांची खोडे अजून जिवंत असतात, पावसाबरोबर त्यांना धुमारे फुटतात, आणि शेजारी एखादी देवराई असेल तर पक्षी व वटवाघळे बी आणून टाकतात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात आपल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हापासून त्यांचे हे मोल आपल्याला माहीत आहे. अशा जमिनीला रोपांपेक्षा वणव्यापासून आणि कुऱ्हाडीपासून राखण अधिक लागते. मात्र कोकणातील कातळसडे, म्हणजे उघड्या खडकाची पठारे, पाहून पुन्हा ‘ओसाड’ म्हणू नये. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांच्यावर जे फुलते ते कासच्या पठारावर पाहायला आपण रांगा लावतोच.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी जाहिरातींत सांगितल्या जात नाहीत. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, काही अपवाद सोडता, शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. आमच्या वडिलांच्या नावे साताऱ्याकडे जमीन होती म्हणून आमचे निभावले. दुसरे, साग, खैर, आंबा, जांभूळ, चिंच, ऐन अशी झाडे स्वतःच्या जमिनीत स्वतः लावलेली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमामुळे ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. एकाच सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे चढवून ‘जंगलात हिस्सा’ विकणाऱ्यांकडे या दोन्ही बाबींची लेखी उत्तरे मागावीत.

आणि माळच घ्यायचा असेल तर तो माळ म्हणून घ्यावा. पावसाळ्यात बी धरेपर्यंत चराई थांबवावी, नंतर गवत कापून न्यावे किंवा मेंढरांना मोकळे करावे, नांगर आणि जेसीबी आत येऊ देऊ नये. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची शिस्त लावली आणि गावाच्या दुधाला चारा मिळवला. तेथे झाडेही लावली गेली हे खरे, पण गवताला तेथे कोणी पड म्हटले नाही.

आम्ही गेल्या वर्षी तीन बाजूंची तार काढली. ओढ्याकडची सुमारे पंधरा गुंठे जागा तेवढी बांधून ठेवली आहे, तेथे करंज आणि जांभूळ खरोखर जगले आहेत. उरलेल्या क्षेत्रावर आषाढापासून दोन वाडे चरतात, आणि त्या वयस्कर धनगरांच्या सुचवण्यावरून खड्ड्यांच्या रांगांत मारवेलाचे ठोंब लावून पाहतो आहोत. वेडी बाभूळ दर वर्षी मुळासकट उपटावी लागते. आपल्या दैनिकास माझी विनंती एवढीच आहे की यापुढे अशा प्रकल्पांचे वृत्त देताना किती रोपे लावली या आकड्याबरोबर त्या जमिनीवर आधी काय उगवत होते, तेथे कोण चारत होते आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर काय उरले, हेही बातमीदाराने विचारावे.

आपला,
एक वाचक, पुणे