वाळूत पुरलेला डबा

आंजर्ले, १२ मार्च

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

शेजारच्या काकूंचा फोन ठाण्याला दादाकडे माझ्या पत्राआधी पोचणार हे ठाऊकच होतं. ‘तुमची धाकटी रोज संध्याकाळी समुद्रावर डबा पुरते आणि मग तोच शोधत फिरते,’ असं त्या म्हणाल्या असतील, तर ते अगदी खरं आहे. परवा तर कासवांच्या घरट्यांवर लक्ष ठेवणारा पोरगा धावत आला. त्याला वाटलं मी अंडी उकरतेय. मग मी त्याला डबा दाखवला. तुझा फरसाणाचा प्लास्टिकचा डबा गं आई, आणि आत एक पिवळं यंत्र. स्टीलचा घेतला नाही, धातूत लहरी अडतात.

ते यंत्र म्हणजे ट्रान्सीव्हर. बर्फात जाणारा प्रत्येकजण ते छातीशी बांधतो. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत असतं. कुणी बर्फाखाली गेलं की बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधावर टाकायचं आणि बाण दाखवेल तिकडे जायचं. पडद्यावरचा आकडा उतरत जातो. चाळीस, बावीस, नऊ, तीन. मग गुडघ्यांवर बसून यंत्र जमिनीलगत आडवं-उभं सरकवायचं, आकडा सगळ्यात कमी दिसेल तिथे सळई खुपसायची, ती कशाला तरी थडकली की तशीच रोवून ठेवायची आणि उताराच्या खालच्या अंगाने खणत आत शिरायचं. पहिल्या दिवशी मला अकरा मिनिटं लागली. आता चारच्या आत डबा हातात असतो. वाळू हलकी, बर्फ कोसळून घट्ट झाला की सिमेंट होतो, तेव्हा खणायची खरी परीक्षा इथे होत नाही, हेही कबूल करते. पण माणूस गाडला गेला तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचाच खेळ असतो. तेवढ्यात खालून कुणी येऊ शकत नाही. सोबतच्यांनीच काढायचं.

तर बातमी अशी, की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं स्की घेऊन मनालीच्या वरच्या रोहतांग खिंडीला जातोय. बाबा, नावाचा अर्थ शोधत बसू नका. शोधलात तर आईला सांगू नका.

आई, स्की म्हटलं की तुला टीव्हीवरची, पाळण्यातून वर जाऊन घसरत येणारी माणसं आठवतात. इथे पाळणा नाही. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टा चिकटवतात. पुढे सरकताना केस झोपतात, मागे घसरू लागलं की उभे राहून धरतात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून बघ, तसंच. टाच मोकळी ठेवून नागमोडी चढायचं, वर पोचलं की पट्टे काढून खिशात, टाच अडकवायची आणि खाली. चार-पाच तासांची चढण, उतरायला तास. हिशेबात बसत नाही, मला माहीत आहे. रोज सकाळी पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन पाखाडीने कड्यावरच्या गणपतीला दोनदा चढते, ते त्यासाठी. (पुजारीबुवांना वाटतं नवस आहे. बोलले नाही.)

बोगदा झाल्यापासून रोहतांगची गंमत वाढलीय. २०२० च्या ऑक्टोबरात अटल टनेल उघडला, ९.०२ किलोमीटर, आणि लाहौलकडची वाहतूक डोंगराच्या पोटातून जाऊ लागली. त्यामुळे ३,९७८ मीटरवरची ती खिंड बर्फ असेपर्यंत जवळजवळ रिकामी असते. हवेचा दाब तिथे आपल्या अंगणातल्या दाबाच्या साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणून मनालीत उतरून लगेच वर धावायचं नाही. दोन रात्री खाली, एक वाटेतल्या मढीला, मगच खिंड.

भीती कशाची, ते सांगते. आई, तू आंबापोळी घालतेस तेव्हा खालचा थर वाळला नसताना घाईने वरचा ओतला तर काय होतं? ताट तिरकं केलं की वरचा अख्खा पापुद्रा सुटून येतो. बर्फातही तेच, फक्त तिथे दगा देणारा थर बहुतेक वेळा ओला नसतो, साखरेसारखा सुटा असतो. वरून वाऱ्याने नवा बर्फ आणून टाकला आणि उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, की एका माणसाच्या वजनानेही तो पापुद्रा निघतो. त्याहून सपाट उतारावर तो सहसा सुटत नाही, म्हणून वाट आखताना आम्ही नकाशावर आधी कोन बघतो, देखावा नंतर. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. इशारा वाईट असला तर मनालीत बसून सिड्डू खायचे आणि परत यायचं. असं ठरलंय, लिहून ठरलंय.

आता बाबा, तुमच्यासाठी काम आहे.

सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि वर मोबाइलचा भरवसा नाही. त्यामुळे घरी कुणाकडे तरी आमचं वेळापत्रक असावं लागतं. आम्ही कधी निघालो, कुठून वळणार, किती वाजेपर्यंत वाट बघायची आणि त्यानंतर कुणाला फोन करायचा. बाकी तिघांनी आपापल्या मित्रांची नावं दिली. मी तुमचं दिलं. दापोली डेपोत इतकी वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून तुम्ही हेच केलंत. जुलैत कशेडी घाटात धुकं असताना मुंबईची गाडी आली नाही, तर ती लेट आहे की अडकलीय हे खुर्चीत बसून ओळखायचात. उगाच वीस मिनिटांत आरडाओरडा नाही, आणि दोन तास गप्पही नाही.

वेळा या: मढीहून पहाटे ४ ला निघणार, कारण रात्री गोठलेला बर्फ उन्हाने सैल व्हायच्या आत परतायचं असतं. सकाळी १० ला असू तिथून मागे वळणार, खिंड शंभर पावलांवर असली तरी. संध्याकाळी ६ पर्यंत खालून माझा फोन. सहा ते आठ तुम्ही फक्त गाइडच्या घरी विचारायचं. आठनंतर कुल्लूच्या जिल्हा नियंत्रण कक्षाला. नंबर वेगळ्या कागदावर लिहिलाय, कारण ठाण्याहून ११२ लावलात तर फोन महाराष्ट्रातच लागेल.

मागच्या वर्षी ‘ऑफिसचं ट्रेनिंग’ म्हणून जे सांगितलं होतं, ते ट्रेनिंग नव्हतं. मनालीजवळच्या सोलंगच्या वर तीन दिवस होते आणि फोन बंद होता. दादाला माहीत होतं, त्याला रागावू नका, मीच गप्प बसवलं होतं. तुम्ही दोघं नको म्हणाल याची तेव्हा भीती वाटली. आजही वाटतेय. पण कुणालाच पत्ता नसताना तिथे असणं किती वाईट, ते तिसऱ्या रात्री तंबूत कळलं.

आई, तू दिवा लाव, पण सहानंतर. दुपारपासून बसू नकोस, डोळ्याला ताण नको. मोतीबिंदूचे ड्रॉप्स संपत आले असतील, दादाला आणायला सांग. गेल्या वर्षीची आंबापोळी फडताळात सापडली, ती नेतेय. वर चॉकलेटचा दगड होतो.

अंगणातल्या कलमाला कैऱ्या धरल्यात, सुपारीएवढ्या. फवारणी झाली.

बाबा, कागद फ्रिजवर लावा, ड्रॉप्सच्या वेळांच्या शेजारी. आणि वाचून झाल्यावर फोन करा. नाही म्हणायचं असेल तरी.

तुमची,
धाकटी