रानगुलाब वाचवायचेत, उन्हाळ्याआधी हातभार लावा

सगळ्या सभासदांना आणि गुलाबवेड्या सोलापूरकरांना नमस्कार,

आपली रोपवाटिका आज उभी आहे ती आण्णांमुळे, त्यांनी स्वतःची पडीक जागा दिली, बोअरचं पाणी दिलं आणि कधी एक रुपया मागितला नाही. बार्शीच्या आक्का तर दर रविवारी एसटीने यायच्या, पिशवीत खुरपं आणि सगळ्यांसाठी भाकरी-चटणी, कलमाचा डोळा भरावा तो त्यांनीच, आज आक्का नाहीत पण त्यांनी भरलेली कलमं अजून फुलतात. चाटी गल्लीतल्या दुकानदार काकांनी पहिली जाळी दिली, ती आता पार विरलीय, मधमाशा आत येतात, आणि अडचण तिथंच आहे.

गुलाबाच्या जाती एकमेकींत सहज मिसळतात, मधमाशी या फुलावरून त्या फुलावर गेली की काम झालं. गुलकंदाचा दमास्क गुलाब असाच जुना संकर, २००० साली डीएनए तपासला तर तीन जातींचं रक्त निघालं, त्यातली एक मध्य आशियातली. एडवर्ड गुलाबसुद्धा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर कुंपणाला लावलेल्या दोन गुलाबांतून आपोआप झालेला. म्हणजे संकर वाईट नाही, नवीन गुलाब त्यातूनच येतात, पण मूळ रानजातच मिसळून संपली तर पुढचा संकर कशातून होणार? आपल्याकडचा रानगुलाब म्हणजे क्लिनोफिला, बंगाल-बिहारच्या पाणथळ जागेतला पांढरा एकेरी गुलाब, उष्ण हवेत टिकणारा. शेजारी बागेतले गुलाब फुललेले असताना त्याचं बी शुद्ध राहील याची खात्री नाही. म्हणून मूळ झाडं छाट कलमानेच वाढवायची, बी धरायचं तर कळीला पिशवी बांधायची, आणि आपोआप उगवलेली मिश्र रोपं उपटून न टाकता वेगळ्या वाफ्यात चिठ्ठी लावून ठेवायची, त्यातलंच एखादं आपल्या ४२ डिग्रीत तग धरेल.

मागच्या वर्षीही हेच लिहिलं होतं, ग्रुपवर अंगठे भरपूर आले, मदत सात जणांची आली आणि मे महिन्यात नऊ रोपं जळाली. मनाला लागलं, खोटं कशाला बोलू.

शेडनेट, कीटकजाळी, ठिबक मिळून ४०,००० लागतात, जमलेत ११,५००, १५ मार्चच्या आत हवेत, ५०० पासून कितीही चालेल, पैसे खजिनदारांकडे, पावती लगेच, पैसे जमत नसतील तर रविवारी सकाळी ७ ला खड्डे घ्यायला या, जुने ड्रम असतील तर तेही आणा, पाणी पाच दिवसाआड येतंय.

आपला,
सचिव