सेवाशुल्क आधी विचारा, मग बिलात लावा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात शहरातील नव्या उपाहारगृहांविषयी नेहमी वाचायला मिळते. पदार्थांची चव, सजावट, बसण्याची सोय यांची दखल त्यात घेतलेली असते. जेवण झाल्यावर टेबलावर येणाऱ्या बिलाबद्दल मात्र फारसे काही नसते. मी सुटीच्या दिवशी घरच्यांना घेऊन बाहेर जेवायला जाणारा साधा ग्राहक आहे आणि माझी तक्रार या बिलाबद्दलच आहे. ग्राहकाला जेवणाआधी काय सांगितले जाते आणि जेवणानंतर त्याच्याकडून काय घेतले जाते, यांतील अंतर नागपुरातील मोठ्या उपाहारगृहांत आणि हॉटेलांत वाढत चालले आहे.

लहान ठिकाणांचा माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. सकाळी पोह्यांच्या गाडीवर उभे राहिले की ‘सुके देऊ की तर्री मारून?’ एवढाच प्रश्न येतो, दर पाटीवर लिहिलेला असतो आणि तेवढेच पैसे घेतले जातात. इतवारीकडील ज्या सावजी खानावळीत मी जातो, तेथे त्या दिवशी काय शिजले आहे ते खडूने फळ्यावर लिहिलेले असते: मटण, खूर, सुंदरी, खिमा, आणि न खाणाऱ्यांसाठी पाटोडी रस्सा व डाळकांदा. जे संपले त्यावर लगेच काट मारली जाते. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेल्या या रश्श्याचा तिखटपणा बाहेरगावच्या पाहुण्यांना सोसवत नाही, हे वाढणाऱ्याला ठाऊक असते. पुण्याहून आलेल्या माझ्या साडूंना तेथील मुलाने ताट मांडतानाच बजावले, ‘काकाजी, आज रस्सा जहाल आहे, आधी अर्धी वाटीच घ्या, लागला तर आणून देतो.’ भाकरी जास्तीची घेतली तर तिचे किती, तेही त्याने न विचारता सांगितले. त्या खानावळीत गार हवा नाही आणि गर्दीच्या वेळी बाकावर दाटीवाटीने बसावे लागते. पण उठताना किती द्यायचे, हे प्रत्येकाला बसतानाच कळलेले असते.

आता हॉटेलातील अनुभव सांगतो. आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही चौघे वर्धा रोडवरील एका हॉटेलात रात्रीच्या जेवणाला गेलो होतो. पदार्थ चांगले होते आणि वाढणाऱ्यांनी आईची फार आस्थेने काळजी घेतली. तिच्यासाठी वरण कमी तिखट करून आणले, पोळी मऊ हवी म्हणताच दुसरी आणली. पदार्थांची किंमत २,४०० रुपये झाली होती. बिलात त्यावर दहा टक्के सेवाशुल्क म्हणून २४० रुपये आणि मग या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी १३२ रुपये, असे एकूण २,७७२ रुपये लावलेले होते. सेवाशुल्क नसते तर बिल २,५२० रुपयांचे झाले असते. म्हणजे २५२ रुपये जास्त, आणि त्यांतले १२ रुपये तर अशा रकमेवरचा कर, जी देण्याचे बंधन आमच्यावर मुळात नव्हतेच. मी विचारणा केली तेव्हा मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांतील एक ओळ मला दाखवण्यात आली. आईला इंग्रजी वाचता येत नाही. मला येते, पण पदार्थ निवडताना कोणी ती ओळ शोधत बसत नाही.

आम्हाला वाढणाऱ्या मुलाला मी हळूच विचारले, की हे पैसे तुम्हा मंडळींना मिळतात का. त्याने गल्ल्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘साहेब, ते मॅनेजरले विचारा.’ व्यवस्थापकांनी शुल्क काढून टाकले, हे मान्य केले पाहिजे. मात्र ‘यांना द्यायचे नाही, काढून टाका’ हे त्यांनी शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. आई संकोचून गेली आणि ‘देऊन टाक ना, कशाला वाद’ म्हणू लागली. घरच्या कार्याला किंवा पाहुण्यांसोबत आलेला माणूस चारचौघांत वाद घालणार नाही, याच भरवशावर ही रक्कम वसूल होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत नियम संदिग्ध नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलांनी व उपाहारगृहांनी सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या कोणत्याही नावाने वसूल करू नये, ते ऐच्छिक असल्याचे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, ते न दिल्यास प्रवेश किंवा सेवा नाकारू नये आणि ते बिलात मिळवून त्यावर जीएसटी आकारू नये, असे त्यांत म्हटले आहे. व्यावसायिकांच्या संघटनांनी या सूचनांना आव्हान दिले होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने २८ मार्च २०२५ रोजी ते फेटाळून सूचना कायम ठेवल्या. आमच्या त्या एका बिलात यांतल्या किती सूचना डावलल्या गेल्या, हे वाचकांनीच ताडून पाहावे.

भाडे, गॅस, पगार, वीज यांचा खर्च व्यावसायिकाला भरून काढावाच लागतो, याची मला जाणीव आहे. त्यासाठी पदार्थाचा दर वाढवण्यास त्यांना कोणी अडवलेले नाही. दोनशेऐंशीची भाजी तीनशेदहा रुपयांना लिहिली, तर घ्यायची की नाही हे मी ठरवू शकतो. पाण्याच्या बाटलीचेही तसेच. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण न मागता बाटली फोडून पेल्यात ओतण्याआधी ‘साधे पाणी चालेल का’ एवढे तरी विचारले जावे. वाढणाऱ्या मुलाच्या हातात मी आनंदाने बक्षिसी ठेवतो, त्या रात्रीही ठेवली. ती माझ्या खुशीने दिलेली असते आणि ती कोणाला मिळाली, हे मला दिसते.

आणखी एका प्रकाराचा उल्लेख करतो, कारण तो अनेकांच्या लक्षात येत नाही. धरमपेठ भागातील एका छोट्या उपाहारगृहाने आमच्याकडून पाच टक्के जीएसटी घेतला, परंतु बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता. ज्यांच्याकडे हा क्रमांक नाही, त्यांना ग्राहकाकडून कर घेता येत नाही. ज्यांनी आपसमेळ योजना (लहान व्यावसायिकांसाठीची जीएसटीची ‘कंपोझिशन’ योजना) स्वीकारली आहे, त्यांनी तो कर स्वतःच्या उत्पन्नातून भरायचा असतो आणि आपण कर वसूल करण्यास पात्र नाही, असे बिलावर लिहायचे असते. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे बंधनकारक आहे. तोही त्या कागदावर नव्हता. बिल हातात आले की बेरजेच्या आधी हे दोन क्रमांक पाहण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

शहरातील हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनांना माझे सांगणे आहे, की आपल्या सभासदांच्या बिलिंगच्या संगणकात दहा टक्के आपोआप लागण्याची जी व्यवस्था करून ठेवलेली आहे, ती काढून टाकायला लावावी, आणि ज्यांना सेवाशुल्क मागायचेच आहे त्यांनी मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर, मराठीत, ते ऐच्छिक असल्याचे ठळक अक्षरांत छापावे. ग्राहकांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. रक्कम लहान असली तरी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत तेथे शुल्कही पडत नाही. याशिवाय, वर सांगितलेल्या सूचनांनुसार अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते आणि त्यांनी चौकशी करून ती प्राधिकरणाकडे कार्यवाहीसाठी पाठवायची असते. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक आहे. नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने अशा तक्रारी कोणत्या कक्षात आणि कोणत्या स्वरूपात स्वीकारल्या जातील, हे जाहीर करावे. माझे बिल मी जपून ठेवले आहे आणि पहिली तक्रार देण्यास तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर