सुगरणीची अर्धी घरटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या परसातल्या विहिरीवर एक जुनी शिंदी कललेली आहे. दरवर्षी पाऊस स्थिरावला की तिच्या झावळ्यांना सुगरणींची घरटी लटकू लागतात. यंदा श्रावण लागला तेव्हा मी ती मोजली. एकूण 23 भरली. त्यांपैकी खाली लांब नळी असलेली पुरी घरटी फक्त 9 होती आणि उरलेली 14 अर्ध्यावरच थांबलेली, हनुवटीखाली पट्टा असलेल्या शिरस्त्राणासारखी दिसत होती. मागच्या आठवड्यात गावातली काही मुले शाळेच्या प्रकल्पासाठी आली आणि ‘ही टाकून दिलेली आहेत, यांत कोणी राहत नाही’ असे म्हणत आकडीने यांतली 5 अर्धी घरटी काढून घेऊन गेली. मी घरी नव्हतो. मुलांना मी दोष देत नाही, कारण त्यांना पाठवणाऱ्या मोठ्यांचाही समज तोच होता, आणि तो समज आपल्याकडे फार दूरवर पसरलेला आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो प्रामुख्याने नर. विणीच्या काळात त्याचे डोके आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. मादी मात्र चिमणीसारखीच दिसते. नर भाताच्या पातीवर बसतो, पातीच्या कडेला चोचीने खाच पाडतो, ती कड चोचीत घट्ट धरून उडतो आणि उडता उडताच लांब, अरुंद पट्टी सोलून नेतो. अशा सुमारे 500 खेपा झाल्या म्हणजे एक घरटे पुरे होते आणि त्याला 18 दिवसांच्या आसपास लागतात. परंतु हे 18 दिवस सलग नसतात. साधारण आठ दिवसांत शिरस्त्राणाचा आकार तयार झाला की नर काम थांबवतो, त्याच घरट्याला लोंबकळून पंख फडफडवतो आणि जवळून जाणाऱ्या माद्यांना साद घालतो. मादी येते, मधल्या आडव्या पट्ट्यावर बसते, आतून चोचीने पाती ओढून पाहते. तिने पसंत केले तरच तो अंड्यांची जागा बंदिस्त करून खाली नळी विणतो. नाही केले, तर घरटे तसेच राहते. म्हणजे ऑगस्टमध्ये लटकणारे अर्धे घरटे हे बहुतेक वेळा टाकलेले नसते. त्याचा मालक जवळच्याच फांदीवर मादीची वाट पाहत बसलेला असतो.

हे कोडे उलगडण्यात आमच्या अलिबाग तालुक्याचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट तालुक्यातल्या किती शाळांमध्ये सांगितली जाते कोण जाणे. 1930च्या पावसाळ्यात पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीजवळ दिवसेंदिवस बसून निरीक्षण केले आणि नर अर्धे घरटे आधी बांधतो, मादी ते पसंत करून ताब्यात घेते, त्यानंतर तोच नर दुसरे घरटे सुरू करून दुसऱ्या मादीला बोलावतो, हा सारा क्रम मांडला. त्यामुळे एका झाडावर 23 घरटी दिसली म्हणजे तिथे 23 कुटुंबे नांदत आहेत असा हिशेब करता येत नाही. पुऱ्या घरट्यात मादी साधारण 2 ते 4 पांढरी अंडी घालते आणि ती एकटीच उबवते.

मला स्वतःला सर्वांत जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट आहे ती मातीची. घरट्याच्या आतल्या भिंतीला ओल्या चिखलाचे लहान लहान गोळे थापलेले असतात. सुगरण त्या चिखलात काजवे चिकटवते आणि रात्री घरात उजेड करते, असे आमची आजी सांगत असे, आणि देशाच्या अनेक भागांत हीच समजूत आहे. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात वाऱ्याने पडलेले एक घरटे मी अंगणात उकलून पाहिले. वाटाण्यापासून चिकूच्या बीएवढे सात गोळे निघाले. ते विटेसारखे कडक होते, पण काजव्याचा पंखही कुठे सापडला नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात हलके घरटे फार हेलकावू नये म्हणून हे वजन असते, असे सांगितले जाते, आणि मला ते पटते, कारण आमच्या शिंदीवरची जवळजवळ सगळी घरटी पूर्वेकडच्या झावळ्यांना आहेत, नैर्ऋत्येचा वारा पाठीवर घेऊन. जो पक्षी वाऱ्याचा इतका विचार जागा निवडताना करतो, तो विणतानाही करीतच असणार.

ती पाच घरटी नेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक नर चोचीत हिरवी पट्टी घेऊन तुटलेल्या झावळीपाशी आला. त्याने तीन-चार घिरट्या घातल्या, शेजारच्या झावळीवर बसला, पुन्हा उडाला, आणि शेवटी ती पट्टी विहिरीत पडली. पावसाळ्याचे दिवस मोजके असतात. आठ दिवसांचे काम गेले की त्या नराला पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर माद्या दुसऱ्याकडे गेलेल्या असतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना धक्का लावणेही येते, हे शिक्षकांनी आणि दिवाणखान्यात शोभेसाठी घरटी टांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. मुलांना घरटे दाखवायचेच असेल तर मार्गशीर्षात वाऱ्याने खाली पडलेले दाखवावे. झाडावरची जुनी घरटी मात्र तेव्हाही राहू द्यावीत, कारण त्यांत मुनिया आसरा घेतात.

आपल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या गावातल्या विहिरीवर, बाभळीवर किंवा माडावर सुगरणीची घरटी असतील तर या पंधरवड्यात ती लांबूनच मोजावीत, पुरी किती आणि अर्धी किती हे वेगळे लिहावे, झाडाच्या कोणत्या बाजूला आहेत तेही नोंदवावे आणि आपल्या पत्राच्या पत्त्यावर कळवावे. आपण त्या नोंदींना या सदरात थोडी जागा द्यावी.

आपला नम्र,
एक वाचक, चौल, ता. अलिबाग