दादा, तू स्वतः मोज

प्रिय दादा,

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोन कायम वहिनीच्या हातात, आणि तू कॅमेऱ्यात येतोस तो कपाळापुरता. "बरा आहे", "जेवलो", "ठेवतो". ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, तुझ्या तोंडून मी एवढंच ऐकलंय. बाकी सगळं वहिनी सांगते. परवा म्हणाली, मळाची पिशवी पोटाला चिकटवायची जी चकती असते, तिच्याखालची कातडी लालभडक झालीय, चुरचुरतं म्हणून रात्रभर कूस बदलत असतोस, आणि पिशवी बदलायची वेळ आली की भिंतीकडे तोंड करून पडतोस. अजून एकदाही मान खाली घालून बघितलेलं नाहीस म्हणे.

म्हणून पत्र. आणि आधी माझी चोरी कबूल करते.

अडीच वर्षांपूर्वी माझं "आतड्याचं छोटंसं ऑपरेशन" झालं असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. ते छोटं नव्हतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याचा आजार, त्यापुढे औषधांनी हात टेकले आणि माझं मोठं आतडं काढून टाकावं लागलं. तेव्हापासून माझ्याही पोटावर स्टोमा आहे, मळ बाहेर यायला आतड्याचं पोटावर काढलेलं तोंड. तुझा डाव्या बाजूला, माझा उजव्या. तुझा मोठ्या आतड्याचा, त्याला कोलोस्टॉमी म्हणतात. माझा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाचा, इलिओस्टॉमी. मागच्या खेपेला मी तीन आठवडे घरात होते. तुझ्या स्कूटरवर मागे बसून हिंडले, रोज आईच्या कुशीला झोपले. कुणाला वास आला? काही दिसलं? आईने फक्त एकदा विचारलं, "एवढा वेळ काय करतेस गं बाथरूममध्ये?" मी म्हटलं, केस धुतेय.

लपवलं कारण "माझी शी पोटावरून बाहेर येते" हे वाक्य मला आपल्या घरात कुणासमोर उच्चारता येईना. साधं पोट बिघडलं तरी आपल्याकडे आवाज खाली जातो. आईला अजून सांगितलेलं नाही. तू वाच, मग दोघं मिळून ठरवू.

आता तुझ्या चुरचुरण्याकडे येते. डॉक्टर मी नाही, पण हे दुखणं मी ओळखते, कारण अगदी हेच करून बसले होते.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढचे सहा ते आठ आठवडे तो हळूहळू आक्रसत जातो. हॉस्पिटलमधून निघताना नर्सने मला कागदावर गोल आखून दिला होता, ३८ मिलिमीटरचा, आणि बजावलं होतं की दर आठवड्याला नव्याने मोज. मी मोजलं नाही. मोजायचं तर बघावं लागतं ना! तोच कागद चकतीवर ठेवून महिनाभर तेच भोक कापत राहिले. शेवटी कातडी ओली होऊन चकती चिकटेचना, तेव्हा नर्सकडे गेले. तिने मोजलं. २९. व्यास ३८चा, आत वस्तू २९ची. म्हणजे सगळीकडून साडेचार मिलिमीटर कातडी उघडी, आणि त्या फटीत चोवीस तास मळ साचलेला. लहान आतड्यातून येतो त्यात पाचक रस असतात, ते कातडीच पचवायला घेतात. तुझा मळ तेवढा जहाल नसतो, पण साचून राहिला तर तोही सोडत नाही.

वहिनी हॉस्पिटलने दिलेल्या मापानेच कापतेय. मी तिला खोदून विचारलं. पहिल्या आठवड्यातलं माप आहे ते.

दादा, तू टर्नर माणूस, लेथवर मिलिमीटर मोजून काम करणारा. माझ्या कंपासपेटीतली पट्टी शून्यापाशी झिजलीय म्हणून एक सेंटिमीटरपासून मोजायला शिकवणारा तू. आणि तुझ्याच पोटावर पाच आठवडे जुन्या मापाने काम चाललंय, तेही दुसऱ्याच्या हातून. चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन ते तीन मिलिमीटर मोठं हवं, बस. त्याहून घट्ट केलंस तर कड स्टोमाला कापत राहील आणि तुला कळणारही नाही, कारण त्याला दुखण्याची जाणीव नसते.

ते ऐकून मला आधी धीर आला होता, मग भीती वाटली होती. म्हणून सांगते काय दिसेल ते. ओठ बाहेर दुमडून आतली बाजू आरशात बघितलीस ना, तसा रंग, तसाच ओलसरपणा. "स्टोमा" हा ग्रीक शब्द, अर्थ तोंड. तो हलतो. आकुंचन पावतो, पुन्हा फुलतो. आतडंच ते, पोटात असतानाही असंच हलत होतं, फक्त आपण बघत नव्हतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी माझ्या पोटावर चिकटवलंय. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका कापडाला लागला तर घाबरू नकोस, हिरड्यांतून येतं तसंच ते. मात्र रंग काळपट, जांभळा दिसला, रक्त थांबेना, किंवा पोटात कळा येऊन उलट्या होताहेत आणि पिशवीत काहीच येत नाही असं झालं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. उद्यावर नाही.

रविवारी सकाळी, काही खायच्या आधी, वहिनीला खोलीबाहेर पाठव. खरंच पाठव. ती प्रेमाने करते, पण ते आता तिचंच काम होऊन बसलंय. तिला माहेरी एक रात्र राहायचं झालं तर तुझं काय, हा प्रश्न ती मला विचारत नाही, पण तिच्या बोलण्यात असतो. आरशासमोर उभा राहा. नवी चकती, कात्री, पट्टी, कोमट पाण्याचं भांडं, मऊ कापड आणि एक कचऱ्याची पिशवी, सगळं आधी हाताशी घे. जुनी चकती ओढायची नाही. एका हाताने चकती धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडी तिच्यापासून खाली दाबत सोडवायची. ओरबाडून काढलेली चकती कातडीचा थरही घेऊन जाते.

काढलेली चकती लगेच फेकू नकोस. उलटी करून उजेडात धर. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं वाचता येईल. जिथे चिकट थर विरघळून, फुगून पांढरट झालाय, तिथूनच गळती होते. हत्याराची धार कुठल्या बाजूने झिजली ते बघून तू मशीन कुठे हललंय ते सांगायचास, तसंच. माझी चकती नेहमी खालून, घड्याळात सहा वाजतात त्या बाजूला झिजायची. बसल्यावर तिथे पोटाला घडी पडते हे मला आरशासमोर खुर्चीत बसून बघेपर्यंत उमगलं नव्हतं. आता तिथे पेस्टचा पातळ थर भरते आणि काम भागतं.

कातडी साध्या कोमट पाण्याने पूस. तेलकट साबण, सुगंधी ओले टिश्यू, जंतुनाशक यातलं काही नको. एकाने चकती सुटते, दुसऱ्याने आग होते. मग टिपून कोरडी कर. तिथे केस असतील तर ते जपून कमी कर, नाहीतर दर वेळी उपटले जातात. कातडी ओली, चिघळल्यासारखी दिसली तर स्टोमाची पावडर येते ती भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची. मी सुरुवातीला पावडरचा थर दिला होता, चकती पिठावर चिकटवल्यासारखी तासाभरात सुटून आली. त्यानंतर मोजायचं, आखायचं, कापायचं, कापलेली कड बोटाने गुळगुळीत करायची. चकती दोन तळव्यांत मिनिटभर धरून गरम कर, नरम पडते आणि बसते छान. खालून वर लाव. लावल्यावर तळहात ठेवून एक-दोन मिनिटं नुसता उभा राहा. हे शेवटचं सगळे टाळतात आणि मग चकतीला शिव्या घालतात.

पहिल्यांदा तुला तासभर लागेल. मला दहा मिनिटं लागतात. पण अजूनही कधी फजिती होते हं. मागच्याच महिन्यात, रात्री साडेअकराला, काहीतरी खाऊन लगेच बदलायला घेतली. नवी चकती हातात, पोट उघडं, आणि स्टोमाने उसळी मारली. आरसा, फरशी, माझे नवे मोजे. मी तशीच उभी राहून एकटीच हसत सुटले. पहिल्या वर्षी अशा वेळी दार लावून रडायचे.

तुझं वेगळं आहे, तुझा मळ घट्ट असतो, तुला एवढा त्रास व्हायचा नाही. मीठ-पाण्याचा हिशोबही मलाच ठेवावा लागतो, कारण पाणी शोषून घेणारं मोठं आतडंच माझ्याकडे नाही. पोट बिघडलं तर नुसतं पाणी पिऊन भागत नाही, ओआरएस लागतं. तू उलट बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस. पाणी पी, चालत राहा. कांदा, कोबी, कडधान्यं यांनी हवा जास्त धरेल, ते बंद करायचं नाही, थोडं थोडं घेऊन बघायचं. पिशवी फुग्यासारखी फुगली म्हणून सुईने भोक पाडायचं नाही (हो, मी पाडलं होतं, आणि त्या दिवशी वास आला होता). तुझी पिशवी खालून उघडणारी आहे, ती एक तृतीयांश भरली की रिकामी कर. जड होऊ दिली की वजनाने चकती ओढली जाते.

वजन उचलू नकोस, खोकताना स्टोमावर हात धर, नाहीतर शेजारी हर्निया होऊ शकतो. खालची, शौचाच्या जागेची जखम भरेपर्यंत साध्या मऊ उशीवर बस. मध्ये भोक असलेली गोल उशी नको, तिने जखम ताणली जाते. आणि वहिनी म्हणाली, तुला मधूनच शौचाला लागल्याची भावना होते आणि तू बिचकतोस. ते वेड नव्हे. मार्ग काढून टाकला तरी तिथल्या नसा जुनी सवय सोडत नाहीत, पुष्कळांना होतं. काही प्रश्न असेही असतील जे बहिणीला विचारता येत नाहीत. ते सर्जनला एकट्याने विचार. या ऑपरेशनात त्या भागातल्या नसांना धक्का लागू शकतो हे त्यांना माहीत असतं, त्यावर उपायही असतात, पण तू तोंड उघडल्याशिवाय ते बोलणार नाहीत.

तुला एक गोष्ट सांगते, मला इथल्या नर्सने सांगितलेली. १९५४ साली डेन्मार्कमध्ये थोरा नावाच्या बाईचं असंच ऑपरेशन झालं. तेव्हा लोक धातूची नाहीतर काचेची भांडी पट्ट्याने पोटाला बांधायचे, कापड गुंडाळायचे. गळायचं, वास यायचा. थोरा घराबाहेर पडेना. तिची बहीण एलिसे सोरेन्सन नर्स होती. तिच्या डोक्यात आलं, पिशवीलाच चिकट कडं लावलं तर ती थेट कातडीवर बसेल. एका प्लॅस्टिकच्या कारखानदाराने आधी नाही म्हटलं. त्याची बायकोही नर्स, तिने त्याला तयार केलं. आज तुझ्या पोटावर आहे ती त्याच पिशवीची नात. मला या गोष्टीत एलिसेपेक्षा थोरा जास्त आठवते. बहिणीने पिशवी करून दिली, पण ती लावून दाराबाहेर पाऊल थोरालाच टाकायचं होतं.

रविवारी मोजलंस की मला आकडा कळव. फोटो नको, "बरा आहे" नको, मिलिमीटरमध्ये आकडा. पुढच्या रविवारी पुन्हा. सलग दोन-तीन आठवडे तोच आला की माप ठरलं समज, मग तयार भोकाच्या चकत्या मागवता येतात आणि कापाकापी संपते. नवीन मापाने चार-पाच दिवसांत कातडी सुधारली नाही, तर वाट न बघता स्टोमा नर्सला दाखव. कधी बुरशी असते, कधी चिकट पदार्थाचीच अ‍ॅलर्जी, ते मला इथून कळणार नाही.

माझं माप गेली दोन वर्षं २८ आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. : वहिनी, हे तू त्याच्याआधी वाचणार हे मला माहीत आहे. जुन्या मापाने ज्या चकत्या कापून डब्यात ठेवल्या आहेस, त्या वाया जातील म्हणून वापरू नकोस. आणि रविवारी आतून काही पडल्याचा आवाज आला तरी त्याने हाक मारेपर्यंत आत जाऊ नकोस.