पवनचक्क्यांच्या अर्जांवर विमानसुरक्षेच्या कारणास्तव हरकत घेण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या धावपट्टीच्या परिसरात पवनचक्क्या उभारण्याच्या परवानगीसाठी दाखल झालेल्या अर्जांना विमानसुरक्षेच्या कारणास्तव लेखी हरकत घेण्याचे समितीने ठरवले असून, त्याचा खर्च केवळ सभासदांच्या वर्गणीतून भागणार नसल्यामुळे आपणापुढे हात पसरत आहोत. आमचा विरोध पवनऊर्जेला नाही, निवडलेल्या जागांना आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 14 मधील, म्हणजे विमानतळांविषयीच्या नियमांतील, प्रचलित तरतुदींनुसार, केवळ नजरेच्या आधारे वापरल्या जाणाऱ्या सर्वांत लहान धावपट्टीभोवती 2,000 मीटरपर्यंत 45 मीटर ही उंचीची मर्यादा असते. पुढे ती शेकडा 5 च्या चढाने वाढत जाऊन सुमारे 2,700 मीटरवर संपते. त्यापलीकडची चक्की अर्जात ‘मर्यादेबाहेर’, म्हणजे उंचीच्या या बंधनातून मोकळी, ठरते. मात्र 150 मीटर किंवा त्याहून उंच असलेली वस्तू मर्यादेबाहेर असली, तरी ती धोकादायक नसल्याचे विशेष अभ्यासातून दिसेपर्यंत अडथळाच मानावी, अशी शिफारसही त्याच परिशिष्टात आहे. आमच्या हरकतीचा सारा भर या शिफारशीवर राहील. पाते वर असताना आजच्या मोठ्या चक्कीची उंची 150 मीटर सहज ओलांडते आणि लहान विमाने उतरण्यापूर्वी साधारण 300 मीटरवरून फेरी घालतात. ढग खाली उतरले की मधले अंतर किती उरते, हे वैमानिकांना वेगळे सांगायला नको. उड्डाणानंतर इंजिन बंद पडल्यास मागे न वळता समोरच उतरावे, असे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला शिकवले जाते, आणि ती समोरची जागाच चक्क्यांनी व्यापली तर या शिकवणीला अर्थ राहत नाही. फिरत्या पात्यांमागे वाऱ्याच्या दिशेने पसरणारी खळबळ हलक्या विमानांना व ग्लायडरांना हेलकावते. रडारच्या पडद्यावर तीच पाती खोटे ठिपके उमटवतात, हा आणखी एक मुद्दा.

चक्क्यांवर इशाऱ्याचे ‘दिवे लावू’, असे अर्जदारांनी म्हटले, तरी ते उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. 27 एप्रिल 2014 रोजी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात हायमोरजवळ एक लहान विमान रात्री, खराब हवामानात, पवनचक्कीवर आदळले व चौघांचा मृत्यू झाला. त्या चक्कीवरील दिवा बंद होता, असे तपासात आढळले.

‘आम्हाला भीती वाटते’ एवढ्या हरकतीला सुनावणीत वजन नसते. प्रत्येक नियोजित चक्कीच्या पायाची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजणे, उड्डाणमार्गांचे नकाशे तयार करणे, स्वतंत्र तज्ज्ञाकडून अभ्यास करून घेणे आणि सुनावणीसाठी वकील नेमणे, ही कामे पैशाशिवाय होत नाहीत. म्हणून प्रत्येकाने यथाशक्ती देणगी द्यावी, ही कळकळीची विनंती. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि हिशेब सर्व देणगीदारांसमोर ठेवला जाईल. वैमानिकांनी आपल्या उड्डाण नोंदवहीतून या दिशेच्या फेऱ्यांचे, खराब हवामानात परतल्याचे व इंजिनातील बिघाडाचे प्रसंग तारीखवार लिहून द्यावेत. अशा नोंदींचे मोल आम्ही देणगीइतकेच मानतो.

तज्ज्ञाच्या अभ्यासाला वेळ लागतो आणि हरकतींची मुदत मात्र ठरलेली असते, त्यामुळे देणगी व नोंदी शेवटच्या दिवसांची वाट न पाहता खजिनदारांकडे पोहोचवाव्यात.

समितीच्या वतीने,
कार्यवाह